फारकतीनंतर लेकरू कोणाकडे, शेत कोणाचे?

विवाह संपुष्टात आल्यावर मुलांचे संगोपन कोणी व कसे करायचे आणि संसारात जमा झालेली मालमत्ता कोणाच्या वाट्याला जायची, हे दोन प्रश्न सर्वत्र सारखेच उभे राहतात. परंतु त्यांची उत्तरे कुटुंबाचे उत्पन्न कशातून येते यावर पुष्कळ अवलंबून असतात. मुंबईच्या गोरेगाव उपनगरात हा वाद बहुधा सदनिका, तिच्यावरचे गृहकर्ज आणि दोघांचे पगार यांभोवती फिरतो व वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात जातो. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव आणि आसपासची गावे सोयाबीन, तूर, कापूस व हळद यांवर जगतात, आणि तेथे मालमत्ता म्हणजे मुख्यतः सातबारा असतो. त्या सातबाऱ्यावर नाव बहुतेक वेळा सासऱ्याचे, क्वचित नवऱ्याचे आणि फारच थोड्या ठिकाणी बायकोचे असते. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात जे प्रश्न स्वतंत्र प्रकरणांत मांडलेले आहेत, ते येथे एकाच बैठकीत, एकाच कागदावर आणि बहुधा घाईने सोडवले जातात.

हा कागद म्हणजे मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी. ग्रामीण भागात तिला ‘बाँडवरची फारकत’ म्हणतात. तिचा मजकूर ठरावीक असतो: उभयतांचे पटत नसल्याने ते राजीखुशीने विभक्त होत आहेत, मुलीने आपले दागिने व भांडी परत घेतली आहेत, तिला अमुक रक्कम एकरकमी पोचली आहे, यापुढे तिचा अथवा तिच्या अपत्याचा कोणताही हक्क राहणार नाही आणि दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत. खाली दोघांच्या सह्या वा अंगठे आणि दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या असतात. पूर्वी हा मजकूर १०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहिला जाई. ऑक्टोबर २०२४ पासून राज्याने किमान मुद्रांक ५०० रुपयांचा केला आहे. मुद्रांक कितीही रुपयांचा असला, तरी त्याने विवाह संपत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ नुसार विवाह संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने, अथवा त्या कायद्याच्या कलम २९ ने ज्या जुन्या रूढीला संरक्षण दिले आहे तशी रूढी त्या समाजात अखंड चालत आल्याचे पुराव्यानिशी सिद्ध झाले तर. ही सिद्धता अवघड असते आणि ती करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर पडतो.

बाँडवर विश्वास ठेवण्यामागे इतिहास आहे. अनेक जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे फारकत व पुनर्विवाह, शतकानुशतके मान्य होते, आणि ते जातपंचायतीसमोर होत. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा स्वतंत्र कायदा केला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तो येथे लागू नव्हता, आणि १९५५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंत या भागातील सामान्य हिंदू कुटुंबापुढे पंचांचाच मार्ग होता. त्या मार्गाची सवय कायदा बदलल्यानंतरही राहिली. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समित्यांनी कौटुंबिक वादांत समेट घडवण्याचे उपयुक्त काम केले आहे, परंतु समेट घडवणे आणि विवाह रद्द करणे ही कामे वेगळी आहेत. दुसरे काम कोणत्याही समितीच्या अधिकारात नाही.

बाँडची खरी हानी मात्र पोटगीच्या दाव्यात दिसते, आणि ती थोडी सविस्तर समजून घेण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, पत्नीला, घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीला व अज्ञान मुलांना दरमहा निर्वाह रक्कम मागण्याचा अधिकार देते. त्याच कलमात असेही म्हटले आहे की पती-पत्नी परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला ही रक्कम मिळणार नाही. न्यायालयातून संमतीने घटस्फोट घेतलेल्या स्त्रीला ही अट लागत नाही, कारण ती आता पत्नी नसून घटस्फोटिता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. बाँडवर सही केलेली स्त्री मात्र मधल्या मध्ये अडकते. बाँडला मान्यता नसल्याने ती कायद्याने पत्नीच राहते, आणि ‘राजीखुशीने विभक्त’ हे बाँडवरचे शब्द तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढे केले जातात. शिवाय असा बाँड हाती धरून दुसरे लग्न केल्यास ते लग्न निरर्थक ठरते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हाही होऊ शकतो.

येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना केंद्र सरकारची अधिसूचना नसेल तर लागू होत नाही, आणि हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः कळमनुरी व औंढा नागनाथ भागात, आंध या अनुसूचित जमातीची मोठी वस्ती आहे. त्यांच्या बाबतीत रूढी हाच कायदा असल्याने वर सांगितलेला नियम जसाच्या तसा लावता येत नाही. मुस्लिम कुटुंबांत विवाह व तलाकचे नियम वेगळे आहेत, तरीही निर्वाहाचे कलम १४४ सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे, ही गोष्ट जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितली.

आता मालमत्तेकडे वळता येईल. भारतातील बहुतांश कायद्यांत ‘वैवाहिक संपत्ती’ ही कल्पनाच नाही. वैवाहिक संपत्ती म्हणजे नाव कोणाचेही असो, संसाराच्या काळात मिळवलेली आणि म्हणून दोघांची समजली जाणारी मालमत्ता. पंधरा वर्षे सोयाबीनची काढणी, हळदीची काढणी, उकडणी व वाळवण यांत राबलेल्या सुनेचे श्रम त्या शेताच्या किमतीत मिसळलेले असतात, परंतु घटस्फोटाच्या वेळी त्या श्रमांचे मोजमाप करणारा कोणताही तक्ता हिंदू विवाह कायद्यात नाही. त्याचे कलम २७ फक्त विवाहप्रसंगी वा त्याच्या अनुषंगाने दोघांना मिळालेल्या संयुक्त वस्तूंपुरते आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ थोडा रुंद केला आणि विवाहाशी संबंधित असेल तर आधी वा नंतर दिलेली वस्तूही त्यात येते असे म्हटले. तरी शेत त्यात बसत नाही.

शेजारच्या गोव्यात चित्र वेगळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची संपत्ती सामाईक होते आणि विवाह संपताना प्रत्येकाला अर्धा भाग मिळतो. संपूर्ण देशासाठी त्या दिशेने जाणारे विवाहविषयक दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले होते, पण लोकसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१४ मध्ये व्यपगत झाले. महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत थेट हात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने घातला. १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर काही वर्षांत संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम हाती घेतला, ज्यात शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करायचा होता, आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांनी तो प्रत्यक्षात आणला. १९९२ मध्ये राज्य सरकारनेही पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याचा निर्णय केला. या निर्णयाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही ‘पतीच्या अर्जावरून’ या शब्दांत आहेत. संसार सुखाचा असताना जो अर्ज एका दिवसात होतो, तो वाद सुरू झाल्यावर कधीच होत नाही. म्हणून हे काम लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच उरकणे शहाणपणाचे आहे, आणि मुलीच्या वडिलांनी हुंड्याऐवजी या अर्जाचा आग्रह धरला असता तर पुष्कळ अनर्थ टळले असते.

स्त्रीधनाची बाजू त्या मानाने भक्कम आहे. माहेरून, सासरहून वा आप्तांकडून स्त्रीला मिळालेले दागिने, भांडी व रोख रक्कम ही तिची एकटीची मालमत्ता असते, पती ती फक्त सांभाळणारा असतो, आणि अडचणीत वापरली तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठामपणे मांडला आणि २०२४ मध्ये पुन्हा अधोरेखित केला. व्यवहारात अडचण पुराव्याची येते. ज्या घरात लग्नातील देण्याघेण्याची यादी दोन्हीकडच्या सह्यांनी ठेवली जाते आणि सराफाच्या पावत्या जपल्या जातात, तेथे दावा सोपा होतो.

पत्नीचा जमिनीवरचा हक्क असा दुबळा असला, तरी मुलांचा हक्क दुबळा नाही, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. हिंदू एकत्र कुटुंबातील वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो. हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातील १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने तो मुलीलाही मिळतो. आई-वडिलांचा घटस्फोट झाल्याने या हिश्शाला धक्का लागत नाही. लेकरू आजोळी वाढले, वडिलांनी दुसरा संसार थाटला, आजोबांनी तोंड फिरवले, तरी त्याचा वाटा शेतात तसाच असतो, आणि अज्ञान असतानाही ते आईमार्फत वाटणीचा दावा करू शकते. बाँडवर आईने ‘अपत्याचा कोणताही हक्क राहणार नाही’ असे लिहून दिले तरी ते मुलावर बंधनकारक नसते. न्यायालयातील दाव्यातसुद्धा अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायाधीशांची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. आईला स्वतःचा हक्क सोडता येतो, लेकराचा नाही.

मात्र ‘वडिलोपार्जित’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ बोलीतील अर्थापेक्षा अरुंद आहे. आजोबांनी स्वकष्टाने खरेदी केलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांना मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते आणि नातवंडांना तिच्यात जन्मसिद्ध हिस्सा नसतो. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून मिळेल तेवढाच त्यांचा संबंध. म्हणून दावा करण्याआधी गटाचा इतिहास काढावा लागतो. मराठवाड्यात त्यासाठी चालू सातबारा पुरत नाही. जुने फेरफार आणि त्यांच्याही मागे १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक पाहावे लागते, ज्यावरून जमीन त्या वेळी कोणाच्या कब्जात व कोणत्या नात्याने होती ते कळते. हे कागद तहसील व भूमिअभिलेख कार्यालयातून नकलेचे शुल्क भरून मिळतात. काळाच्या क्रमालाही येथे महत्त्व आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या मिताक्षरा परंपरेनुसार पिता आणि मुले यांच्यात वाटणी होते तेव्हा पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो, जरी ती स्वतः वाटणी मागू शकत नसली. हा वाटा ती पत्नी असेपर्यंतचा आहे. घटस्फोटानंतर झालेल्या वाटणीत तिला स्थान नसते. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने कित्येक स्त्रियांनी आधी घटस्फोट आणि मग मुलांच्या वाटणीचा दावा असा उलटा क्रम धरला असेल.

निर्वाहाची रक्कम ठरवताना शेतकरी कुटुंबात आणखी एक पेच येतो: पगारपत्रक नसते. ४ नोव्हेंबर २०२० रोजी नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने, दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि रक्कम अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. या निकालाची विशेषता अशी की शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याने प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना जोडला आहे. त्यात एकूण जमीन किती आणि त्यात हिस्सा कोणता, मालकीचे उतारे व फेरफार, जमीन ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणते, शेत स्वतः कसतो की बटईने देतो, जनावरे किती, कर्ज किती, अशी माहिती द्यावी लागते. ‘शेतीत काही उरत नाही’ या एका वाक्यावर पूर्वी जी प्रकरणे अडत, त्यांना या नमुन्याने वाट करून दिली आहे.

रक्कम मंजूर झाल्यावरही ती हाती येण्याची लय पिकाची असते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, हळद तर आठ-नऊ महिने शेतात राहून मग उकडून, वाळवून, पॉलिश करून बाजारात जाते. अशा घराला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे भरायला लावले तर थकबाकी साचते, वॉरंट निघते आणि वैर वाढते. संमतीने होणाऱ्या तडजोडीत म्हणून दरमहा थोडी रक्कम आणि खरीप व रब्बीच्या विक्रीनंतर मोठे हप्ते अशी रचना करणे अधिक टिकाऊ ठरते, आणि न्यायालयाने ती नोंदवून घेतली की तिला हुकुमाचे बळ येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार कायमस्वरूपी पोटगीसाठी स्थावर मालमत्तेवर बोजा चढवता येतो; तो सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात उतरला की शेत गुपचूप विकून मोकळे होण्याचा मार्ग बंद होतो. बँकेचा बोजा तेथे चढतो हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, लेकराच्या अन्नाचा बोजाही तेथेच चढू शकतो हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मुलांच्या ताब्याचा कायदा मालमत्तेच्या कायद्यापेक्षा पुष्कळ माणुसकीचा आहे. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते, आणि वय कोणतेही असले तरी मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी असते. ‘पिता आणि त्याच्यानंतर माता’ या त्या कायद्यातील शब्दरचनेचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतरच माता असा होत नाही, पिता जबाबदारी घेत नसेल तर माताच नैसर्गिक पालक होय, असा निर्णय १९९९ मध्ये झाला. ताबा आणि पालकत्व यांतही फरक आहे. मूल रोज कोणाच्या घरी झोपते हा ताबा. त्याचे शिक्षण, उपचार, मालमत्ता यांविषयी निर्णय कोण घेते हे पालकत्व. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मिळतो तो भेटीचा हक्क. विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे दोन्ही पालकांनी वेळ व जबाबदारी वाटून घेण्याची, शिफारस केली. ती अद्याप कायद्यात आलेली नाही, पण न्यायालये संमतीच्या अटींतून ती मान्य करतात.

अशा अटी लिहिताना ‘वडिलांना वाटेल तेव्हा भेटता येईल’ हे वाक्य सर्वांत घातक ठरते, कारण त्यातूनच पुढचे भांडण उगवते. भेट कोणत्या रविवारी, किती वाजता, कोणाच्या अंगणात किंवा बसस्थानकावर, मुलाला आणायला कोण येणार, दिवाळीच्या सुट्टीचे कोणते दिवस वडिलांकडे आणि कोणते आजोळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांना किती दिवस, मोबाइलवर बोलणे कोणत्या वेळी, आजारपणाचा खर्च कोणाचा, हे सारे कागदावर यावे लागते. वडील कामासाठी पुण्याकडे वा कारखान्यावर ऊसतोडीला जात असतील तर त्या महिन्यांतील व्यवस्था वेगळी लिहावी लागते. शाळेचा प्रश्नही असाच लहान दिसून मोठा होतो: सासरच्या गावची शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवण्याचा डाव पुष्कळदा खेळला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावे. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. मूल वाढते, परिस्थिती बदलते, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो पुन्हा बदलून मागता येतो.

माहेरी परतलेल्या स्त्रीच्या हाती आणखी एक मालमत्ता असते, जिची आठवण बहुधा उशिरा होते. वडिलांच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. परंतु भावाच्या सांगण्यावरून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, ‘माहेर तुटू नये’ म्हणून, आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नंतर मोडणे फार कठीण असते. पदरात लेकरू घेऊन परत आलेल्या बहिणीला त्याच घरात मग आश्रित म्हणून राहावे लागते. इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांसाठी स्वतंत्र शिधापत्रिका आणि घरजागेची जी मागणी केली, तिचे मूळ या अनुभवात आहे.

न्यायालयाचा मार्ग दूरचा व खर्चिक आहे, हा बाँडच्या बाजूने केला जाणारा सर्वांत जुना युक्तिवाद होय, आणि तो आज तितका खरा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करू शकते, त्यामुळे हिंगोलीतील गोरेगावला माहेरी परतलेल्या स्त्रीला नवऱ्याच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमधील सहा महिन्यांचा थांबा योग्य कारण असल्यास माफ करण्याचा अधिकार न्यायालयांना २०१७ पासून आहे. १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने निर्वाह, घटस्फोट, हिंसा आणि त्यांच्याशी निगडित मालमत्तेच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला व बालकाला, उत्पन्न न विचारता, सरकारी खर्चाने वकील मिळतो; त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अथवा हिंगोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा असतो, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही सल्ला मिळतो. बाँडवर सही करण्याआधी हा दूरध्वनी करावा.